सायकलचा एक्सल तुटला? घरी बदलता येतो, आधी जोर कुठून कुठे जातो ते पाहा

सायकलचे दोन क्रँक, म्हणजे पायडल ज्यांच्या टोकाला असतात ते दांडे, ज्या लोखंडी आसावर बसतात त्याला दुकानात एक्सल किंवा बीबी (बॉटम ब्रॅकेट) एक्सल म्हणतात. तो फ्रेमच्या तळाशी आडव्या नळीत असतो, बाहेरून जवळजवळ दिसत नाही. त्यामुळे तो तुटेपर्यंत त्याची आठवण कुणाला होत नाही. तुटला की मात्र एकदम तुटतो: चढावर उभं राहून पायडल मारताना, नाहीतर सिग्नल सुटल्यावर पहिला जोर देताना. डावा क्रँक पायडलासकट रस्त्यावर, आणि त्यामागोमाग आपण.

हे काम घरी होतं. महागडी हत्यारं लागत नाहीत, फार ताकदही लागत नाही. ते बिघडतं ते साधारण तीन ठिकाणी. पाना उलट्या दिशेला फिरवला जातो, हातोडा चुकीच्या जागी बसतो, किंवा बाजारातून चुकीच्या मापाचा एक्सल येतो. पायाचा जोर एक्सलमधून नेमका कसा जातो हे कळलं तर या तिन्ही गोष्टी पाठ कराव्या लागत नाहीत, आपोआप सुचतात. म्हणून पाना हातात घेण्याआधी थोडा वेळ तिकडे देऊ.

डावा पाय आणि उजवा पाय सारखे नाहीत

चेन ज्या दातेरी चक्रावर चढते ते चेनव्हील उजव्या क्रँकला जोडलेलं असतं. उजव्या पायाने दाब दिला की तो जोर उजव्या क्रँकमधून थेट चेनव्हीलला आणि तिथून चेनला जातो. एक्सल फक्त आधार देतो, त्याला पीळ बसत नाही. डाव्या पायाचं तसं नाही. चेन दुसऱ्या बाजूला असल्याने डाव्या पायाचा सगळा जोर एक्सलच्या डाव्या टोकात शिरतो, पूर्ण लांबी ओलांडून उजवीकडे जातो आणि मग चेनव्हीलला मिळतो. थोडक्यात, एक्सलला पीळ देतो तो डावाच पाय.

हा पीळ किती असतो? ६० किलोचा माणूस आडव्या क्रँकवर सगळं वजन टाकून उभा राहिला तर साधारण ६०० न्यूटन. क्रँकची लांबी १६५ मिलिमीटर धरली तर गुणाकार जवळजवळ १०० न्यूटन-मीटर येतो. चेनव्हील ४४ दातांचं असेल तर त्या क्षणी चेनवरचा ताण ११० किलोच्या आसपास जातो, आणि तो ताण एक्सलचं उजवं टोक मागे खेचत असतो. शिवाय पायडल क्रँकच्या बाहेर, बेअरिंगपासून लांब असतं. त्यामुळे प्रत्येक दाबासरशी ज्या त्या बाजूचं टोक थोडंसं वाकतं. डोळ्याला दिसत नाही, पण वाकतं.

मिनिटाला ६० फेरे धरा, तासाला ३,६०० होतात. कामावर जाऊन-येऊन रोज तासभर सायकल चालवणाऱ्याच्या एक्सलने वर्षात दहा लाखांच्या वर फेरे घातलेले असतात. तार एकदा वाकवून तुटत नाही, पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. इथे तेच होतं, फक्त फार सावकाश. भेग सुरू होते ती जिथे आकार अचानक बदलतो तिथे: पिनेच्या खाचेच्या कोपऱ्यात, चौकोनी टोक जिथे संपतं त्या कडेला, नाहीतर गंजाच्या एखाद्या खड्ड्यात.

तुटलेला तुकडा टाकून देण्याआधी त्याचं तोंड उजेडात धरा. एका बाजूला गुळगुळीत, काळपट किंवा तांबूस भाग दिसेल, कधी त्यावर कमानीसारख्या बारीक रेघा असतील. ती जुनी भेग. तिच्यात पाणी आणि ग्रीस शिरून ती काळी पडलेली असते. उरलेला भाग खरखरीत आणि ताजा चमकदार असतो, तो शेवटच्या क्षणी तुटलेला. चमकदार भाग जेवढा लहान तेवढे दिवस तुम्ही अर्धवट तुटलेल्या एक्सलवर सायकल चालवत होता. सगळंच तोंड खरखरीत असेल तर मात्र भेग नव्हती. मोठा आदळा बसला असेल किंवा धातूच कमअस्सल असेल. दुकानदाराने ‘तुम्ही जोरात चालवली असेल’ असं म्हटलं की हे तोंड त्याला दाखवायला बरं पडतं.

तुटण्याआधी काय दिसतं

दर फेऱ्याला एकाच जागी ‘कट्’ आवाज येतो. चेनव्हील फिरताना डावी-उजवीकडे डुलतं. पाय एका बाजूला तिरपा पडतोय असं वाटतं. यातलं काही जाणवलं तर सायकल भिंतीला टेकवा, एक क्रँक हातात धरा आणि फ्रेमच्या दिशेने आत-बाहेर हलवून पाहा. दोन्ही क्रँक एकदम हलत असतील तर बेअरिंग ढिलं आहे, एक्सल शाबूत असेल. एकच हलत असेल आणि दुसरा ठाम असेल तर त्या बाजूचा जोड ढिला आहे किंवा तिथे भेग आहे. जोड घट्ट करूनही हालचाल गेली नाही तर तिथून पुढे सायकल हातात धरून चालवत न्या. हा सल्ला भित्रेपणाचा वाटेल, पण क्रँक निसटला की तोल सावरायला वेळच मिळत नाही.

तुमच्या सायकलमध्ये कोणता एक्सल आहे

आपल्याकडे घरोघरी दोनच प्रकार सापडतात. पहिला काळ्या सायकलीचा. दूधवाले, पेपरवाले आणि गावाकडची निम्मी माणसं अजून वापरतात ती. तिच्या क्रँकमध्ये आडवी एक पिन ठोकलेली असते आणि पिनेच्या टोकाला नट असतो. ही कॉटर पिन. दुसरा प्रकार गिअरच्या आणि बऱ्याचशा नव्या बिनगिअरच्या सायकलींचा. त्यात एक्सलचं टोक चौकोनी आणि निमुळतं असतं, क्रँक त्यावर दाबून बसवतात आणि समोरून एक बोल्ट लावतात. बोल्टवर बहुधा प्लॅस्टिकचं टोपण असतं.

याखेरीज लहान मुलांच्या काही सायकलींत दोन्ही क्रँक आणि एक्सल मिळून एकच वाकवलेला दांडा असतो. तो तुटला तर अख्खा बदलायचा, दुसरा इलाज नाही. महाग सायकलींत २४ मिलिमीटर जाडीचा पोकळ एक्सल उजव्या क्रँकलाच जोडलेला येतो आणि बेअरिंग फ्रेमच्या बाहेर दिसतं. ते उघडायला उलट सोपं, पण तो एक्सल क्वचितच तुटतो आणि तुटला तर क्रँकसकट घ्यावा लागतो. या दोन्हींना इथे बाजूला ठेवतो.

दिशा: वरचं टोक कुठे जातं ते पाहा

एक्सल ज्या दोन वाट्यांमध्ये फिरतो त्यांना कप म्हणतात, आणि ते फ्रेमच्या नळीत आट्यांनी बसवलेले असतात. आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या सायकलींचं माप एकच: व्यास १.३७ इंच, इंचाला २४ आटे. दुकानात याला बीएसए म्हणतात, बर्मिंगहॅममधल्या बंदुका बनवणाऱ्या आणि पुढे सायकलीत शिरलेल्या कंपनीवरून. या मापात डाव्या कपाचे आटे सरळ आणि उजव्याचे उलटे असतात. कारण बेअरिंगमधला भार फिरत असताना कपाला हळूहळू उलट दिशेने सरकवत राहतो. उजवीकडे सरळ आटे दिले असते तर चालवता चालवता कप सुटत गेला असता.

‘घड्याळाच्या काट्याप्रमाणे’ ही भाषा सायकलीच्या बाजूने वाकून पाहताना हमखास घोटाळा करते. त्यापेक्षा हे लक्षात ठेवा. पाना कपावर उभा लावा, हातातलं टोक वर. कप सोडवायचा असेल तर ते वरचं टोक पुढच्या चाकाकडे ढकला. उजवा कप असो की डावा, नियम तोच. घट्ट करायचा असेल तर मागच्या चाकाकडे. पायडलांचं याच्या बरोबर उलट आहे: पायडल सोडवताना पान्याचं वरचं टोक मागच्या चाकाकडे जातं, दोन्ही बाजूंना. क्रँकचा समोरचा बोल्ट मात्र दोन्हीकडे साधा, सरळ आट्यांचा.

अपवाद आहेत. इटालियन मापाच्या जुन्या रेसिंग सायकलींत दोन्ही कप सरळ आट्यांचे असतात. रॅले कंपनीच्या जुन्या अस्सल इंग्लिश सायकलींवर व्यास तोच पण इंचाला २६ आटे असतात, आणि तिथे २४ आट्यांचा कप बळेबळे घुसवला की फ्रेमच कामातून जाते. वाडवडिलांची सायकल दुरुस्त करत असाल तर आटे मोजून घ्या. पट्टी लावून एका इंचात किती शिखरं येतात ते पाहिलं की झालं.

काळी सायकल: सगळं युद्ध पिनेशी

कॉटर पिनेची एक बाजू तिरपी सपाट केलेली असते. ती एक्सलच्या खाचेवर टेकते आणि पाचरीसारखी घट्ट बसते. वर्षानुवर्षं पाणी आणि धूळ खाल्ली की ती क्रँकशी एकजीव झाल्यासारखी होते. आदल्या रात्री दोन्ही पिनांवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, ते नसेल तर रॉकेलात थोडं इंजिन ऑइल मिसळून. एका रात्रीत चमत्कार होत नाही, पण फरक पडतो.

नट पूर्ण काढू नका. तो पिनेच्या टोकाशी समपातळीत येईल इतकाच सोडवा. हातोडा बसेल तो नट आणि पीन दोघांवर मिळून, म्हणजे पिनेचे आटे चेपणार नाहीत. आता महत्त्वाची गोष्ट: क्रँकला खालून आधार. साधारण इंचभर आतल्या व्यासाच्या जाड लोखंडी पाइपाचा तुकडा घ्या, जमिनीपासून क्रँकपर्यंत पोचेल एवढ्या उंचीचा. तो उभा करून क्रँक त्याच्या तोंडावर असा टेकवा की पिनेचं डोकं पाइपाच्या पोकळीत खाली यावं. आधार नसताना मारलेला प्रत्येक घाव क्रँकमधून एक्सलला, एक्सलमधून छर्ऱ्यांना, म्हणजे बेअरिंगमधल्या गोळ्यांना, आणि छर्ऱ्यांमधून कपाला बसतो. कपाच्या वाटेत, म्हणजे छर्रे ज्या पट्ट्यावर फिरतात तिथे, त्यांचे खड्डे पडतात आणि नवा एक्सल टाकूनही सायकल खरखरतच राहते. आधार असला की घाव थेट जमिनीत उतरतो.

मग एक घाव, जड हातोड्याचा, सरळ. दहा हलके घाव पीन वाकवतात, पण तिला हलवत नाहीत. फुटक्या आवाजासारखं ‘टक्’ झालं आणि नट खाली गेला की पीन सुटली. पीन वाकली किंवा नट तिच्यात चेपून बसला तर तिचं टोक हॅक्सॉने कापा, मधोमध खूण पाडा आणि ड्रिलने बारीक भोकापासून सुरू करून मोठं करत न्या. थोडं पोखरलं की उरलेली पीन ठोकून निघते.

एक्सल तुटलेला असल्याचा इथे एक फायदाच होतो. तुटलेल्या बाजूचा क्रँक तुकड्यासकट हातात आलेला असतो, त्यामुळे ती पीन फ्रेमपासून लांब, व्हाइसमध्ये किंवा दगडी पाट्यावर निवांत काढता येते. त्रास फक्त दुसऱ्या बाजूच्या पिनेचा.

क्रँक निघाले की डावीकडची लॉक रिंग, म्हणजे डाव्या कपाला जागेवर आवळून धरणारं कडं. तिच्या खाचांत छिन्नी लावून हातोड्याने हाणायची पद्धत सगळीकडे आहे, आणि जुन्या सायकलींच्या लॉक रिंगवर त्या पद्धतीचे व्रण दिसतात. हुकाचा पाना मिळाला तर घ्या. छिन्नीच वापरायची तर बोथट घ्या आणि तिरक्या कोनात लावा. रिंग निघाली की डावा कप काढा. खाली जुना पांढरा कपडा अंथरा, कारण छर्रे सांडणारच, आणि काळ्या फरशीवर पाव इंचाचा छर्रा शोधणं हा निराळा व्यायाम आहे.

उजवा कप बहुतेक वेळा काढायचा नसतोच. पुस्तकी पद्धत सांगते की सगळं उघडा, पण माझं मत वेगळं. तो कप जागच्या जागी ठेवून फडक्याने आतून पुसा, टॉर्चने वाट पाहा. वाट गुळगुळीत आणि एकसारखी चकाकत असेल तर तसाच राहू द्या. तिच्यात टोचल्यासारखे खड्डे असतील तरच तो काढायचा. मग तो निघत नाही म्हणून पान्याला पाइप लावून लटकू नका, पाना निसटला की बोटं फुटतात. कपाच्या भोकातून जाईल असा जाड बोल्ट घ्या. बाहेरून त्याचं डोकं आणि एक मोठा वायसर, आतून दुसरा वायसर आणि नट, असं कपाला मध्ये घट्ट आवळा. आतला नट डाव्या बाजूने पान्याने धरून ठेवा आणि उजवीकडे उभं राहून बोल्ट आवळत राहा. उजवा कप सुटतो तो नेमका बोल्ट आवळायच्या दिशेने. त्यामुळे पकड सैल होण्याऐवजी वाढत जाते आणि एका क्षणी बोल्टबरोबर कपही फिरू लागतो.

दुकानात जाताना तुटलेले दोन्ही तुकडे, एक पीन आणि एक कप बरोबर न्या. ‘काळ्या सायकलीचा एक्सल द्या’ एवढ्यावर मिळालेला एक्सल बसेलच असं नाही. दोन तुकडे जोडून धरले की तीन मापं जुळवता येतात: एकूण लांबी, दोन कोनांमधलं (एक्सलवरचे छर्रे टेकतात ते फुगीर भाग) अंतर, आणि कोनापासून टोकापर्यंतचं अंतर. हे शेवटचं दोन्ही बाजूंना सारखं नसतं. लांब बाजू चेनव्हीलकडे जाते. उलटा बसवला तर चेनव्हील फ्रेमला घासतं. पिना नेहमी नव्या घ्या, जुन्याच जाडीच्या. आपल्याकडे साधारण ९.५ मिलिमीटरची पीन चालते, पण ९ मिलिमीटरचीही मिळते आणि ती सैल बसते. छर्रेही नवे, दर बाजूला ११, म्हणजे एकूण २२. जाळीत बसवलेले छर्रे मिळतात, लावायला सोपे असतात, पण जाळीत संख्या कमी भरते आणि भार कमी छर्ऱ्यांवर येतो. सुटे बरे.

बसवताना कपाच्या वाटेत ग्रीसचा जाड थर द्या आणि छर्रे त्यात एकेक चिकटवा. अकरावा बसला की थोडी फट उरते, तिथे बारावा कोंबायचा नाही. एक्सल डावीकडून आत सरकवा, उजव्या कपात नीट टेकला का ते बोटाने फिरवून पाहा, मग डावा कप लावा. कप आत आत फिरवत न्या. एक्सल हलायचा थांबला, पण दोन बोटांनी अजून मोकळा फिरतोय, ती जागा हवी. लॉक रिंग आवळताना कप तिच्याबरोबर पुढे जातो आणि सगळं जाम होतं. म्हणून कप एका पान्याने धरून ठेवा, किंवा तो मुद्दाम जरासा मागे ठेवून मग रिंग आवळा. दोन-तीनदा मागेपुढे करावं लागतं. त्याला इलाज नाही, मुरलेला मेस्त्रीही तेच करतो.

आता पिना. दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेने घालायच्या: एका क्रँकचा नट वर असेल तर दुसऱ्याचा खाली. दोन्ही एकाच दिशेने घातल्या तर क्रँक एका सरळ रेषेत येत नाहीत आणि पायडल मारताना लंगडल्यासारखं होतं. पीन आधी हलकेच ठोकून बसवा, परत काढा आणि तिची सपाट बाजू पाहा. एक्सल जिथे टेकला तिथे चकचकीत ठसा उमटलेला असेल. तो पट्ट्यासारखा आडवा पूर्ण हवा. फक्त एका कडेला असेल तर पिनेचा कोन जुळत नाही. कानशीने दोन-चार हात मारा, पुन्हा ठसा पाहा. पीन पुरेशी आत जात नसेल, नटाला आटे कमी मिळत असतील, तरीही सपाट बाजू कानसायची. दोन्ही पिना सारख्याच कानसायच्या, नाहीतर क्रँक पुन्हा वाकडे.

शेवटी पीन घट्ट करायची ती हातोड्याने, पुन्हा पाइपाचा आधार देऊन. नट आवळून पीन आत ओढायचा मोह होतो. नटाचे आटे त्यासाठी नाहीत, ते तुटतात. घाव, मग नट, पुन्हा घाव, पुन्हा नट. पन्नासेक किलोमीटर चालवल्यावर हेच एकदा परत करायचं.

चौकोनी टोकाचा एक्सल

इथे हातोडा जवळजवळ लागतच नाही, पण एक खास हत्यार लागतं: क्रँक पुलर. त्याशिवाय हे काम करू नका. हातोडीने क्रँक बाहेर हाणला की ॲल्युमिनियमचा क्रँक तरी जातो, नाहीतर कप.

आधी समोरचा बोल्ट काढा, बहुधा १४ मिलिमीटरच्या पान्याचा किंवा ८ मिलिमीटरच्या ॲलन कीचा असतो. बोल्टमागे वायसर असतो आणि तो आत चिकटून राहतो. तो काढला नाही तर पुलरचं टोक एक्सलऐवजी वायसरवर जोर देतं, क्रँक हलत नाही आणि आपण आणखी पिळत जातो. क्रँकचे आटे ओरबाडून निघाल्याच्या तक्रारी ऐकाल तर निम्म्या वेळा कारण हा वायसर असतो. पुलर हाताने पूर्ण आत फिरवा, अर्धवट नाही, मग पान्याने हलकेच आवळा आणि मधला स्क्रू फिरवा. पुलरला दोन टोकं मिळतात, बारीक टोक चौकोनी एक्सलचं. तुटलेला तुकडा क्रँकमध्येच अडकला असेल तरी पुलर चालतो, तो तुकड्याला आतल्या बाजूला ढकलून देतो. टोक बाहेरच्या बाजूला निमुळतं असल्यामुळे तुकडा फक्त आतच निघू शकतो. बाहेरून ओढत बसलात तर दिवस जाईल.

आत सुटे छर्रे असतील तर काम वर सांगितल्यासारखंच. पण बऱ्याच सायकलींत आता बंद कार्ट्रिज असतं: एक्सल, बेअरिंग आणि डबी असं सगळं एकत्र. त्याच्या तोंडाशी आतून २० दाते असतात आणि ते काढायला तशाच दात्यांचा सॉकेट मिळतो. एरवी सॉकेट निसटू नये म्हणून तो बोल्टने एक्सलला अडकवतात. एक्सल तुटल्यावर त्या बाजूला ती सोय राहत नाही आणि दाते ओरबाडायची भीती असते. तेव्हा सॉकेट व्हाइसमध्ये पक्का धरा, दाते वर, सायकल आडवी करून त्यावर बसवा आणि पान्याऐवजी फ्रेमच फिरवा. फ्रेमची लांबी हाच मोठा दांडा होतो आणि सायकलचं वजन सॉकेटला जागेवर दाबून ठेवतं. दिशा ठरवताना मात्र सावध राहा, कारण आता फ्रेम फिरतेय, कप नाही.

सुट्या छर्ऱ्यांच्या जागी कार्ट्रिज टाकता येतं, आटे तेच असतात. मी म्हणेन टाकाच. सेटिंगची कटकट संपते. मापं दोन. एक, फ्रेमच्या आडव्या नळीची रुंदी: ६८ किंवा ७३ मिलिमीटर, पट्टीने समजते. दोन, एक्सलची टोकापासून टोकापर्यंत लांबी: ११०, ११३, ११८, १२२.५ अशी. कार्ट्रिजवर हे ६८-११३ असं छापलेलं असतं. लांबी जुनीच ठेवा. कमी घेतली तर चेनव्हील फ्रेमला घासेल, जास्त घेतली तर चेनची रेषा बिघडेल आणि पुढचा गिअर नीट पडणार नाही.

फ्रेमचे आटे कोरडे पुसून ग्रीस लावा आणि कार्ट्रिज पहिले काही फेरे बोटांनीच फिरवा. बोटांनी जात नसेल तर आटे चुकीचे लागले आहेत. काढा, पुन्हा लावा. पाना लावून सरळ करू पाहणारा माणूस फ्रेमचे आटे खातो.

घट्ट किती करायचं हे अंदाजाने सांगतात, तिथे सगळा घोटाळा आहे. क्रँकचा बोल्ट ३५ ते ५० न्यूटन-मीटर, कार्ट्रिज ५० ते ७०. किती जोराने आवळलं ते दाखवणारा टॉर्कचा पाना घरी नसतो, पण प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा असतो. २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला तो अडकवा आणि पान्याशी काटकोनात ओढा. काट्यावर २० किलो दिसलं की साधारण ४० न्यूटन-मीटर झाले. ३० सेंटिमीटरच्या पान्यावर तेच २० किलो म्हणजे जवळजवळ ६०. बहुतेक माणसं क्रँकचा बोल्ट याच्या निम्माच आवळतात असं माझं निरीक्षण आहे, आणि मग डावा क्रँक ढिला होतो. डावाच का, ते वर आलंच आहे. ढिल्या क्रँकवर थोडे दिवस चालवलं की पोलादी एक्सल ॲल्युमिनियमच्या क्रँकचं चौकोनी भोक गोल करून टाकतो. मग कितीही आवळा, उपयोग नाही, क्रँक नवा.

चौकोनी टोकाला ग्रीस लावावं की कोरडं ठेवावं यावर सायकलवाल्यांत कायमचं भांडण आहे. पुसट बोट फिरवलं तर बिघडत नाही. पण ग्रीस लावून दर आठवड्याला बोल्ट आणखी आवळत राहिलात तर क्रँक एक्सलवर चढत जातो आणि शेवटी फुटतो. पहिल्या आठ-दहा दिवसांनी एकदा तपासा, मग थांबा.

जिथे हात आवरायचा

फ्रेमच्या नळीतले आटे आडवे गेले असतील, नळीला भेग असेल किंवा फ्रेम कार्बनची असेल, तर पुढे जाऊ नका. आटे पुन्हा पाडायचा टॅप चांगल्या सायकल वर्कशॉपमध्ये असतो आणि तो दोन्ही बाजूंनी एका रेषेत चालवावा लागतो. ते घरचं काम नाही.

कोकणात आणि मुंबईत खाऱ्या हवेमुळे आणखी एक अडचण येते. ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये पोलादी कप काही वर्षांत धरून बसतो आणि एक्सल तुटेपर्यंत कुणी तो उघडलेला नसतो. तिथे दर दोन पावसाळ्यांनंतर कप एकदा काढून, ग्रीस लावून परत बसवलेला बरा. पाणी आत जातं ते कपाच्या कडेने थोडं, पण जास्त करून सीटच्या दांड्याजवळच्या फटीतून. तिथून ते नळीने थेट खाली, बेअरिंगच्या घरात उतरून साचतं. काही फ्रेमना त्या आडव्या नळीच्या तळाला बारीक भोक असतं, ते चिखलाने बुजलेलं असतं. तारेने मोकळं करा. भोक नसेल तर जोरदार पावसात भिजून आल्यावर सीट दांड्यासकट काढा आणि सायकल चाकं वर करून रात्रभर उलटी ठेवा. सकाळी सीटच्या नळीखाली फरशीवर किती पाणी आलंय ते दिसेल.